लिटरचा हिशेब आणि बाईचे तास

होळी झाली, उन्हे तापू लागली, की ठाण्यात पाण्यावरचा वाद दरवर्षी ठरलेल्या वाटेने सुरू होतो. घोडबंदर पट्ट्यातल्या गृहसंकुलांच्या सभांत टँकरच्या बिलांवरून आवाज चढतात. महापालिका रोज किती दशलक्ष लिटर पाणी मिळते आणि किती कमी पडते याचे आकडे पुढे करते. लोकप्रतिनिधी मुंबईच्या वाट्यातून जादा पाणी मागतात, काळू आणि शाई या रखडलेल्या प्रस्तावित धरणांची आठवण काढतात, आणि कोणीतरी हमखास म्हणतो, की डोंगरावरच्या झोपड्यांनी चोरून जोडण्या घेतल्या नसत्या तर ही वेळच आली नसती. या साऱ्या वादात पाण्याला एकच माप लावले जाते, ते म्हणजे लिटर. माझे म्हणणे असे आहे, की गरीब वस्तीपुरते हे माप फसवे आहे. तिथे टंचाईची किंमत बाईच्या तासांत चुकती होते आणि ते तास कोणाच्याच वहीत चढत नाहीत; म्हणून टंचाई निवारणाचा पैसा आणि राजकारणाची ताकद दोन्ही चुकीच्या जागी लागतात. नव्या धरणाआधी पाण्याची पक्की वेळ, चढावरच्या नळाला पुरेसा दाब आणि दारात नळ या तीन गोष्टींवर खर्च झाला पाहिजे.

टंचाई सगळ्यांनाच सोसावी लागते हे खरे, पण सगळे ती एकाच चलनात सोसत नाहीत. टॉवरमध्ये पाणी कमी पडले की टँकर येतो, तळटाकीत रिकामा होतो, पंप ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि विसाव्या मजल्यावरचा नळ नेहमीसारखा वाहतो. टंचाईचा भुर्दंड मेंटेनन्समध्ये मिळवला जातो; त्याची पावती असते, खजिनदार ती वार्षिक सभेत वाचून दाखवतो आणि वृत्तपत्रात त्याची बातमी होते. डोंगरउतारावरच्या वस्तीत तोच तुटवडा एखादी बाई अंगावर घेते. पाणी भरण्यात दिवसाचे दोन तास जातात असे धरले, तर वर्षाचे ७३० तास होतात. आठ तासांची पाळी मानली तर हे एक्क्याण्णव दिवसांचे काम झाले, म्हणजे वर्षातले तीन महिने. याची पावती कुठे आहे? राज्य सरकारने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेत पात्र स्त्रियांच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये टाकायला सुरुवात केली, तेव्हा ती खैरात आहे की सन्मान यावर महाराष्ट्रभर शाई सांडली. त्याच बहिणीचे महिन्याचे साठ तास पाण्यापायी जातात, यावर अग्रलेख निघाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

कळवा पूर्वेला पारसिकच्या डोंगरावर वस्त्या पायरीपायरीने वर चढत गेल्या आहेत. तिथल्या एखाद्या गल्लीत पाण्याच्या वेळी उभे राहिले, म्हणजे आकडेवारीत न मावणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. गटाराच्या कडेने बोटभर जाडीच्या निळ्या-काळ्या पाइपांची जुडी वर गेलेली असते आणि आपला पाइप ओळखू यावा म्हणून कोणी त्याला लाल चिंधी, कोणी जुन्या साडीचा काठ बांधलेला असतो. सार्वजनिक नळापाशी माणसांच्या आधी हंडे आणि कळश्या रांगेत असतात, बुडाशी ऑइलपेंटने नाव किंवा खूण रंगवलेली. नंबर भांड्याचा लागतो, बाई मात्र घराच्या उंबऱ्यावरून कान देऊन असते. खाली चावीवाल्याने चावी फिरवली की नळातून आधी हवा फुसफुसते, मग गढूळ पाणी येते, ते सोडून द्यायचे, आणि मग भरायला सुरुवात. कामावर गेलेल्या शेजारणीला मिस्ड कॉल जातो. ती धुणीभांड्याचे एक घर अर्धे टाकून निघते, आणि ज्या घरातून निघते तिथे ‘बाईंचा काही नेम नाही’ असा शेरा पडतो. टँकरच्या बिलाने वैतागलेले संकुल आणि उशिरा येणाऱ्या कामवालीने वैतागलेले संकुल बहुधा एकच असते. दोन्ही तक्रारींचे मूळ एकाच जलवाहिनीत आहे, हे मात्र कोणी जोडून पाहत नाही.

या सगळ्यात प्रत्यक्ष उचलण्याचा वेळ थोडा आणि वाट पाहण्याचा वेळ फार असतो. पाणी पहाटे चारला येणार हे नक्की असेल, तर माणूस चारला उठतो, भरतो आणि आपल्या कामाला लागतो. ते चार ते नऊ यांत कधीही येणार असेल, तर ते पाचही तास जातात. त्या तासांत मजुरीला जाता येत नाही, दवाखान्यात जाता येत नाही, शिवणाचे काम घेतले तरी मशीनवर बसता येत नाही. घरात बारा-चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिला नंबरावर बसवले जाते आणि तिची शाळा बुडते. लिटर तेवढेच राहतात, पण वेळ बेभरवशाची झाली की त्यांची किंमत दुप्पट-तिप्पट होते. नळावर भांडणे होतात म्हणून बायकांना हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की पाणी जायला पंधरा मिनिटे उरली असताना पुढे पाच हंडे असले तर कोणीही भांडेल. लोकल पकडताना फलाटावर पुरुष याहून क्षुल्लक कारणावरून भांडतात.

आपली अधिकृत मोजमापेही याच बाबतीत आंधळी आहेत. २०११ च्या जनगणनेने घराघराला पाण्याचे ठिकाण विचारले: आवारात, जवळ की दूर. शहरात शंभर मीटरच्या आत असलेला नळ ‘जवळ’ धरला गेला. सपाट रस्त्यावरचे शंभर मीटर आणि डोईवर हंडा, कमरेवर कळशी घेऊन चढायच्या दीडशे पायऱ्या यांत त्या प्रश्नावलीला फरक दिसला नाही, आणि पाणी किती वाजता येते हे तिने विचारलेच नाही. शहरी पाणीपुरवठ्याचे केंद्र सरकारी मानक मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर देते, पण सार्वजनिक नळावर अवलंबून असलेल्याला ४० लिटर पुरेसे मानते. गरिबाची तहान कमी असते असे काही नाही. वाहून आणायचे असल्यावर माणूस याहून जास्त आणू शकत नाही, हे मानकाने मुकाट्याने गृहीत धरले आहे. त्या ४० लिटरच्या हिशेबानेही पाच माणसांच्या घराला रोज दोनशे लिटर, म्हणजे दोनशे किलो वजन कोणीतरी आणावे लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मोजणीत निदान वेळ धरलेली आहे. स्रोत सुधारित असला तरी जाऊन, रांगेत थांबून परत यायला तीस मिनिटांहून जास्त लागत असतील, तर ती मूलभूत पाणीसेवासुद्धा मानली जात नाही. ही कसोटी आपल्या पालिकांनी एकदा वॉर्डवार लावून पाहावी.

आता गंमत अशी आहे, की अर्थशास्त्राच्या नियमांनी पाणी भरणे हे ‘काम’ ठरवून टाकलेले आहे. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची संयुक्त राष्ट्रांची पद्धत घरच्या वापरासाठी पाणी आणणे उत्पादनात मोडते असे मानते. स्वयंपाक आणि धुणीभांडी तिच्या बाहेर राहतात. आपल्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचे काम करणाऱ्या स्त्रियांचे बिनपगारी घरकाम दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचे ९७ मिनिटे भरले, आणि २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पण वर्गीकरणाच्या नियमाप्रमाणे पाणी आणणे या मिनिटांत नाहीच. ते स्वतःच्या वापरासाठी केलेल्या उत्पादनाच्या वेगळ्या खान्यात जाते. म्हणजे ज्या बाईला पाणी भरावे लागते, तिचे ते तास या पाच तासांच्या वर आहेत. रोजगाराच्या सर्वेक्षणात मात्र तीच बाई घरकामापलीकडे काही करत नसेल, तर श्रमशक्तीच्या बाहेर गणली जाते. दोनशे किलो वजन चढवणारी व्यक्ती काम करत नाही असे कागद म्हणतो, तेव्हा दोष कागदाचा आहे.

समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा स्रोताचा आहे आणि तो मी मान्य करतो. ठाण्याच्या मालकीचे मोठे धरण नाही. शहराला भातसा नदीवरून स्वतःची योजना, स्टेम हे पाणीपुरवठा प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार हातांनी पाणी घ्यावे लागते. त्यातल्या एका ठिकाणी दुरुस्ती निघाली, की शहराचा एक तुकडा कोरडा पडतो. लोकसंख्या वाढते आहे, आणि पाणी कुठून येणार हे न पाहता इमारतींना परवानग्या दिल्या गेल्या आहेत. घोडबंदरच्या रहिवाशांचा राग खोटा नाही; कर भरून, घर विकत घेऊन त्यांनी टँकरची रांग पदरात पाडून घेतली आहे. पण धरण आले म्हणजे डोंगरावरच्या बाईची पायपीट थांबते का? खाडीपलीकडे पाहावे. नवी मुंबई महापालिकेकडे खालापूर तालुक्यातले मोरबे धरण स्वतःचे आहे आणि रोज ४५० दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. राज्यातल्या फार थोड्या पालिकांच्या नशिबी असे सुख आहे. तरीही दिघ्याच्या डोंगरपायथ्याशी आणि तुर्भ्याच्या वस्त्यांत उन्हाळ्यात हंडे रांगेत लागतातच. धरणाचे पाणी शहराच्या वेशीपर्यंत येते. तिथून वस्तीतल्या शेवटच्या घरापर्यंत ते नेणे हा वेगळा निर्णय असतो, आणि तो प्रत्येक वेळी वेगळाच घ्यावा लागतो.

याहून जुना पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. शहापूर तालुक्यात तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले. पुढे वैतरणेवर मोडकसागर झाले, मग भातसा झाले. मुंबईच्या जलवाहिन्या ठाण्याच्या अंगणातून गेल्या. त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना आजही दर उन्हाळ्यात टँकर लागतो आणि कातकरी, ठाकूर बाया झऱ्यातले पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे तिथले बोल भाषणात टाळ्यांसाठी वापरून वापरून गुळगुळीत झाले आहेत. सव्वाशेहून अधिक वर्षे धरणे बांधून जवळच्या बाईचा हंडा उतरला नाही, तर आणखी एक बांधल्याने कळव्याच्या बाईचा कसा उतरेल? शिवाय काळू किंवा शाईचे पाणी आणण्यासाठी मुरबाड-शहापूरच्या आणखी काही गावांना घरे सोडावी लागतील. तिथल्या बायांचे तास तर या वादात कोणी उच्चारतही नाही.

दुसरा मुद्दा कायद्याचा. कळवा-मुंब्र्याच्या डोंगरावरची पुष्कळ जमीन वनखात्याची आहे, घरे बेकायदा आहेत, आणि पाणी दिले की आणखी झोपड्या उभ्या राहतात, असे म्हटले जाते. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. जुलै २०२१ मध्ये कळव्याच्या घोलाईनगरात दरड कोसळून एकाच घरातली पाच माणसे गेली. अशा जागी माणसांनी राहावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण पाणी तोडून डोंगर रिकामा होतो, हा अनुभव आहे का? माणसे तिथे रोजगारासाठी आणि परवडणाऱ्या भाड्यासाठी राहतात, नळासाठी राहत नाहीत. त्याच घरांत विजेचे मीटर बसलेले आहेत आणि त्यांची बिले नियमित येतात. विजेने अतिक्रमण कायम होत नसेल, तर पाण्यानेच ते कसे होते? आणि डोंगराची माती भिजण्याची काळजी असेल, तर शंभर गळक्या पाइपांच्या जुडीपेक्षा नीट टाकलेली एक लोखंडी वाहिनी नक्कीच कमी धोक्याची आहे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितले आहे, की पाणी हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि झोपडी २००० नंतरची आहे एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. पाणी दिल्याने जमिनीचा हक्क मिळत नाही, हेही त्यात अभिप्रेत आहे.

त्या निकालाचे पुढे काय झाले, हे पाहिले की महाडची आठवण होते. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला. तरी तळ्याच्या पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला, आणि त्यानंतर दिवाणी दावा उच्च न्यायालयात संपायला १९३७ साल उजाडले. जातीने अडवलेले पाणी आणि पाइप न टाकल्याने अडलेले पाणी एकाच तराजूत घालावे, असे माझे म्हणणे नाही. एकात माणूसपणच नाकारले होते. साम्य आहे ते कागद आणि पाणी यांच्यातल्या अंतराचे. मुंबई महापालिकेला निकालानुसार ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणायला २०२२ उजाडले, आणि ठाणे-नवी मुंबईत तर तेवढा आवाजही उठला नाही. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून कित्येक वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. स्त्रियांना निम्म्या जागा राखून ठेवणारा कायदा असूनही ज्या नगरसेविकेच्या दारात रिकामा हंडा घेऊन जायचे, ते दारच उरले नव्हते.

पैशाचा मुद्दा त्यामानाने लवकर निकालात निघतो. गरीब बिल भरणार नाहीत असे सांगतात, पण ते आजही भरतात. ड्रमाला इतके, महिन्याच्या पाइपाला इतके, असे मधल्या माणसाला देतात, आणि वर आपले तास देतात. साताऱ्यातल्या कराडजवळच्या मलकापूरने २००९ पासून मीटर लावून, वापराबरोबर वाढणारे दर ठेवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये झोपडपट्टीसह घरोघरी नळाला पिण्यायोग्य पाणी चोवीस तास दिले, आणि मीटरवाचन, बिलवसुली व पाण्याची तपासणी ‘जलसाथी’ म्हणून बचतगटांतल्या बायकांवर सोपवली. नळात सतत दाब असला की आणखी एक फायदा होतो. अधूनमधून येणाऱ्या पाण्याची वाहिनी रिकामी असताना तिच्या फटींतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. त्यात कोणी थेट नळाला मोटर लावली तर आणखीच. मुलांच्या जुलाबाचा आणि त्यांच्या उशाशी बसणाऱ्या आईच्या रात्रींचा हिशेब इथेही लागतो.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो. पाणी कोणी भरायचे हा घरातला प्रश्न आहे, नळ दारात आला तरी नवरा पाणी भरणार नाही, आणि वाचलेले तास दुसऱ्या घरकामात जिरतील, असे काही स्त्रीवादी मंडळीही म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण घरातली ही वाटणी दगडावरची रेघ नाही. पाणी मोटरसायकलवर कॅन लावून किंवा हातगाडीवर ड्रम ठेवून आणायचे असले की तेच पुरुष आणतात. डोक्यावर वाहायचे आणि रांगेत थांबायचे असले की ते बाईचे होते. साधन आणि वेळ बदलली की वाटणी हलते. पाणी सकाळी दहाला सुटले तर घरात बाईच असते, संध्याकाळी आठला सुटले तर पुरुषही असतो. चावी किती वाजता फिरवायची हे ज्या कार्यालयात ठरते, तिथे घरातल्या कामाची वाटणीही नकळत ठरत असते. आणि तास दुसऱ्या कामात जिरण्याची भीती जात्याच्या बाबतीतही घालता आली असती. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा पहाटे उठून दळणाऱ्या बायकांचे तास मोकळे झाले. ओव्या गेल्या म्हणून हळहळणारे पुष्कळ झाले, पण पुन्हा जाते ओढायला कोणी बाई राजी झाल्याचे ऐकिवात नाही. पाणवठ्यावरच्या सखीसोबतीचे गोडवे गाणाऱ्यांनाही हेच उत्तर पुरे.

करायचे काय, हे तंत्रज्ञांना माझ्यापेक्षा चांगले कळते, पण मागणी कशाची करायची हे तर आपल्याला ठरवता येईल. चढावर मधल्या उंचीला साठवण टाकी आणि पंप बसवला, तर वरच्या घरांना दाब मिळतो. प्रत्येक चावीच्या हद्दीत पाण्याची वेळ फलकावर लिहून ती पाळता येते, आणि अर्ध्या तासाहून जास्त चुकली तर त्याची नोंद ठेवता येते, जशी रेल्वे उशिरा धावण्याची ठेवते. शटडाऊनची सूचना गृहसंकुलांना मिळते तशी वस्तीलाही मिळू शकते. सकाळ-संध्याकाळच्या पाळ्या महिन्याने फिरवता येतात. वॉर्ड कार्यालय दर उन्हाळ्यात काही गल्ल्यांत रांगेतला वेळ घड्याळ लावून मोजू शकते; त्याला सर्वेक्षणाची कंपनी लागत नाही. यातल्या पंपाचे वीजबिल अंदाजपत्रकात दिसेल आणि त्यावर लेखापरीक्षक शेरा मारील, ही अडचण खरी आहे. तेव्हा पुढच्या अंदाजपत्रकात पाणीपुरवठा विभागाच्या पानावर दशलक्ष लिटरच्या शेजारी आणखी एक रकाना घालावा आणि प्रत्येक वस्तीत एका घराला पाणी भरायला दिवसाचे किती तास लागतात ते त्यात लिहावे. पंपाच्या खर्चावर शेरा मारण्याआधी लेखापरीक्षकाने तो रकाना वाचलेला असावा.